सकाळची भरलेली स्क्रीन

माझं काम बघत बसायचं. गावाकडे असं सांगितलं की लोक हसतात. कुणी विचारतं, वॉचमन आहेस का? मी हो म्हणतो. त्यात फार चूक नाही. फक्त माझ्यासमोर गेट नसतं, दोन स्क्रीन असतात आणि त्यांवर रेघा सरकत असतात. रेघ खाली असली की सगळं ठीक. रेघ वर चढली की समजायचं, कुठल्या तरी खिडकीपाशी कुणाला तरी थांबावं लागतंय.

परळला एका बंद गिरणीच्या आवारात आमचं ऑफिस आहे. आमची कंपनी लॅबची आणि दवाखान्यांची सॉफ्टवेअरं सांभाळते. रक्त, लघवी, गाठीचा तुकडा, जे काही तपासायला जातं त्याचा निकाल डेटाबेसमध्ये येऊन पडतो. काउंटरवरच्या माणसानं नाव किंवा नंबर टाकला की तो शोधून दिला जातो. कसं शोधायचं ते आधीच लिहून डेटाबेसच्या पोटात ठेवलेलं असतं. त्याला स्टोअर्ड प्रोसिजर म्हणतात, आम्ही नुसतं प्रोसिजर म्हणतो. अशा पुष्कळ प्रोसिजर असतात. एखादी एकदा चालली की तो एक कॉल. कुठली किती वेळा चालली, चालायला किती वेळ घेतला, त्यासाठी डिस्कवरून किती वाचावं लागलं, हे बघायचं आणि वेगळं काही दिसलं की सांगायचं, एवढं माझ्याकडे आहे. दुरुस्ती माझ्याकडे नाही. ते मला बरंही वाटतं.

माझी शाळा नववीनंतर सुटली. कुणी काढलं नाही, मीच जायचं बंद केलं. मी यवतमाळकडचा. काकांच्या गळ्याला गाठ आली म्हणून त्यांना घेऊन परळच्या मोठ्या हॉस्पिटलात आलो. सोबत दुसरं कुणी यायला मोकळं नव्हतं आणि मी मोकळाच होतो. हॉस्पिटलच्या मागच्या बाजूला एक खासगी लॅब आहे, तिथून रिपोर्ट आणावे लागायचे. तिच्या पहिल्या काउंटरवर एक बाई बसायच्या. मी रोज जायचो, रोज काहीतरी चुकीचा कागद पुढे करायचो. त्या ओरडायच्या आणि मग बरोबर कागद कुठला ते सांगायच्या. काका गेले तेव्हा मी शेवटचा रिपोर्ट आणायला गेलो. तो आता कशाला हवा, हे मला सुचलं नव्हतं. बाईंनी कागद दिला नाही. म्हणाल्या, "जेवलास काय?"

त्यांची काळाचौकीला चाळीत एक खोली आणि वर पोटमाळा. नवरा गिरणीतला, तो जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा विरारला. त्या पोटमाळ्यावर मी काही दिवसांसाठी आलो आणि अजून तिथंच आहे. बाईंची मावशी झाली, अहोची अगं झाली. आमच्या कंपनीचे लोक तिच्या काउंटरवरचं मशीन बघायला यायचे. त्यांना तिनं सांगितलं, एक पोरगा आहे, वेंधळा आहे पण लबाड नाही. त्या शिफारशीवर मी ऑफिसात चहा-पाणी बघायला लागलो. पुढे डेटाबेस सांभाळणाऱ्या सरांनी मला रेघा बघायला बसवलं. मॉनिटरिंगला माणूस टिकत नव्हता, सगळ्यांना कंटाळा यायचा. मला कंटाळा येत नाही, भीती वाटते. एचआरचा मेल आला की अजूनही वाटतं, आता दहावीचं सर्टिफिकेट मागणार. अलर्ट आला की आधी मला वाटतं माझंच काहीतरी चुकलं. सर म्हणतात, या कामाला असाच माणूस लागतो.

सर गिरगावातल्या खोताच्या वाडीतले ख्रिश्चन, पिढीजात. रिटायरमेंटला आलेले. लॅबच्या बऱ्याचशा प्रोसिजर त्यांनीच तरुणपणी लिहिलेल्या.

एका वर्षी मावशीच्या लॅबमधल्या निकाल शोधायच्या प्रोसिजरची रेघ दिवसचे दिवस वर राहायला लागली. पूर्वी नंबर टाकला की मान वर करायच्या आत कागद निघायचा. आता बटण दाबून माणसाकडे बघावं, त्यानं आपल्याकडे बघावं, दोघांनी पंख्याकडे बघावं, तरी मशीन गोल गोल फिरतच असायचं. रांग लॅबच्या पायऱ्या उतरून फुटपाथवर जायची. रांगेतले लोक बाहेरगावचे. रिपोर्ट घेऊन ओपीडी बंद व्हायच्या आत पोचले नाहीत तर आणखी एक दिवस फुटपाथवर.

सरांनी इलाज केले. जुना डेटा वेगळा काढला, इंडेक्स, म्हणजे डेटाबेसची सूची, नव्यानं बांधला. मला म्हणायचे, "अरे बाबा, ही प्रोसिजर माझ्या पोरीच्या वयाची आहे. पोरगी तरी कुठे ऐकते माझं?" त्या दिवसापुरती रेघ खाली यायची, दुसऱ्या सकाळी परत चढायची.

मग लॅबच्या मॅनेजरांचा मेल आला. लोकांनी स्वतः नंबर टाकून कागद काढायचा, अशी मशीनं बसवायचा त्यांचा विचार होता. काउंटरवरची माणसं कमी करायची, सुरुवात पहिल्या काउंटरपासून. कारण तिथं सगळ्यात वयस्कर बाई आहेत आणि स्लो काम होतंय ते बहुधा त्यांच्यामुळे. सिस्टिम स्लो आहे की माणूस स्लो आहे, ते तुमच्या रिपोर्टवरून ठरवू, असं शेवटी लिहिलं होतं.

मावशीला रिटायर व्हायला थोडाच काळ राहिला होता. तेवढं काम मिळालं असतं तर तिचं सुरळीत झालं असतं. काउंटर गेलं असतं तर खोली बंद करून विरारला मुलाकडे. तिला तिथं करमत नाही, दोन दिवस गेली तरी तिसऱ्या दिवशी काहीतरी भांडण काढून परत येते. आणि खोली बंद झाली तर मी कुठे, हा प्रश्न मला तिच्या आधी पडला, हेही खरं आहे.

मी तिला मेलचं सांगितलं नाही. तिला कळलंच होतं.

"मशीन येताहेत म्हणे," ती म्हणाली.

"अजून ठरलं नाही."

"मशीन त्या लोकांना विचारणार काय, जेवलास काय म्हणून?"

मी मानेनंच नाही म्हटलं.

"नाय ना? मग बसवा म्हणावं."

शिमग्याला ती कोकणात गावी गेली. दरवर्षी जाते, पालखी घरी येते तेव्हा तिला तिथं असावंच लागतं. पहिल्या काउंटरवर दुसऱ्या काउंटरची मुलगी बसली. आणि त्या दिवसापासून रेघ खाली. सपाट. मी आधी खूश झालो, मग घाबरलो. मॅनेजरांनी हा ग्राफ बघितला तर ते काय म्हणतील, ते मला ऐकूच यायला लागलं. मावशी नाही, तर काम फास्ट.

सरांना दाखवलं.

"गर्दी कमी असेल रे. सणाचे दिवस."

"नाही सर. कॉल तेवढेच आहेत. उलट थोडे जास्तच."

सर खुर्ची ओढून माझ्या बाजूला बसले. मावशी गावाहून परत येईपर्यंत आम्ही बघत राहिलो; ती आली त्या दिवशी रेघ परत वर. आम्ही प्रत्येक दिवसाचा सकाळचा पहिला कॉल काढला. ती नसताना पहिला कॉल एका पेशंटच्या नंबरचा. ती असताना पहिला कॉल पहिल्या काउंटरवरून, आणि नावाची जागा मोकळी, नंबरची जागा मोकळी. काहीच न भरता शोधा म्हटलेलं. रोज.

"आयला," सर म्हणाले. "हा डेटाबेस आळशी असतो बघ. सकाळी पहिल्यानं काय मागितलं, त्यावरून हा शोधायचा रस्ता ठरवतो. आणि मग दिवसभर त्याच रस्त्यानं जातो. परत डोकं कोण चालवणार? पहिल्यानं एक कागद मागितला, तर हा म्हणतो, बरं, आपण एकच ड्रॉवर उघडायचा. पहिल्यानं सगळे कागद मागितले, तर हा सगळी कपाटं उघडायची ठरवतो. मग पुढचा येऊन एक कागद मागतो, तरी हा सगळी कपाटं उघडतो. रात्री मेंटेनन्स झाला की विसरतो. सकाळी परत पहिल्याची वाट बघतो."

"म्हणजे मावशीच्या एका बटणामुळे?"

"बटणामुळे नाही. बटण दाबू दिलं म्हणून. आणि ते दाबू दिलं कुणी? मी. मोकळं ठेवलं तर सगळं दाखव, असं मीच लिहिलंय. तेव्हा पेशंट मूठभर होते, छान वाटायचं. आता कपाटं वाढलीत, म्हणून यंदा जाणवलं." त्यांनी चष्मा पुसला. "पण ती रोज का करते? चुकून?"

"चुकून रोज कसं होईल, सर?"

तोपर्यंत माझ्या लक्षात आलं होतं. घरी ती मला रिकामी बादली घेऊन कुणाच्या समोरून जाऊ देत नाही. सकाळी कामाला निघणाऱ्या माणसाला रिकामं भांडं दिसता कामा नये. पाणी आलं नसेल तर बादली दाराआड पालथी. चाळीतल्या बाकीच्यांना हे आता फारसं आठवत नाही, ती मात्र पाळते. मी ते ऐकून घेत आलो, कारण ऐकण्यात माझं काही जात नाही. ते तिनं काउंटरवरही नेलं असेल, हे मला सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये मीटिंग होती. सर म्हणाले, प्रोसिजर मी आजच बदलतो, पण कारण सांगावं लागेल. नाव सांगणार नाही. मला वाटलं, नाव निघणारच, आणि तिनं ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकू नये.

संध्याकाळी ती मेथी निवडत बसली होती. मी समोर बसून काड्या बाजूला काढायला लागलो.

"मावशी, काउंटर उघडल्यावर तू पहिलं काय करतेस?"

"पाया पडते."

"मशीनवर काय करतेस?"

"मशीनच्या पण पाया पडू?" मग माझ्या तोंडाकडे बघून तिनं जुडी खाली ठेवली. "काय नाय टाकायचं आणि शोधा दाबायचं. सगळी नावं येतात, वरपासून खालपर्यंत. भरून येते स्क्रीन. मग एकेकाला हाक मारते. तिथं आलेल्या लोकांच्या तोंडासमोर रिकामी स्क्रीन बघून दिवस सुरू करू? आधीच त्यांचं काय चाललेलं असतं."

मी सांगितलं. कपाटांचं, ड्रॉवरचं, रस्त्याचं, सरांनी सांगितलं तसं. तिनं मध्ये तोंड घातलं नाही, हे तिच्या बाबतीत कधी होत नाही.

"म्हणजे माझ्यामुळे लोक उभे राहतात."

"तुझ्यामुळे नाही गं. ती प्रोसिजर..."

"ते इंग्लिश ठेव तुझ्याकडे. माझ्या बटणामुळे ना?"

"हो. पण..."

"मग आदी सांगाक काय झालां तुका?" चिडली की ती मालवणीवर जाते.

"मला आजच कळलं."

"शिमग्याक गेलंय तेव्हा नाय कळलां? ग्राफ बघीत बसतंस ना दिवसभर?"

मी म्हणालो, सर मीटिंगमध्ये तुझं नाव सांगणार नाहीत. हे ऐकून ती जास्तच भडकली.

"नाव कशाला लपवायचं? चोरी केली मी?"

मग ती उठली. भाजी टाकली, ताट वाढलं, मला दिलं, स्वतः घेतलं. भांडी घासून झाल्यावर पोटमाळ्याखाली येऊन म्हणाली, "उद्या तिथं तू गप्प बसायचं. तू तोंड उघडलंस की घोळ होतो."

लॅबच्या मागच्या खोलीत मीटिंग झाली. मॅनेजर माझ्याहून थोडेच मोठे, सभ्य, शर्टाची इस्त्री न मोडणारे. सरांनी कारण सांगितलं, सकाळच्या पहिल्या कॉलचं, आणि ते प्रोसिजरमध्ये कालच दुरुस्त केल्याचंही सांगितलं. आता प्रत्येक वेळी रस्ता नव्यानं ठरवला जाईल. थोडी मेहनत जास्त, पण अडकणार नाही.

"पण रोज ब्लँक सर्च करतंय कोण?" मॅनेजरांनी विचारलं.

"त्याला महत्त्व नाही साहेब. बटण होतं, दाबलं. उद्या तुम्हीपण दाबाल."

"लॉगिन तर दिसत असेल ना?" ते माझ्याकडे बघून म्हणाले.

लॅपटॉप माझ्यासमोर उघडा होता आणि लॉगिन त्यावर दिसत होतं. मी स्क्रीनकडे बघितलं, मग सरांकडे. तेवढ्यात दार ढकलून मावशी आत आली. काउंटर दुसऱ्या मुलीकडे देऊन आली होती, ओळखपत्राची दोरी गळ्यात, हातात कसलातरी शिक्का तसाच.

"मीच करते ते, साहेब. गेली कितीतरी वर्षं."

"का पण?"

तिनं सांगितलं. घरी मला सांगितलं त्याहून कमी शब्दांत. सकाळी पहिली स्क्रीन भरलेली बघायची, म्हणून. मॅनेजर हसले नाहीत, हे मी त्यांच्या बाजूनं नोंदवून ठेवतो. ते म्हणाले, "अहो मावशी, लोक तुमच्यावर ओरडत होते. तुम्हाला कधी वाटलं नाही, की..."

"मला काय ठाऊक, मी सगळ्यांचं बघितलं म्हणून ते मशीन प्रत्येकासाठी सगळ्यांचंच बघत बसेल? मी त्याला सकाळी एकदाच सांगायचे."

सर मोठ्यानं हसले. मग म्हणाले, "साहेब, आमच्याकडे नव्या घरात राहायला जायच्या आधी फादर येऊन पाणी शिंपडून जातो. या माझ्या प्रोसिजरवर कुणी काही शिंपडलं नाही. रिपोर्टात लिहा, लिहिणाऱ्याची चूक. माझं नाव घाला, मी तसाही रिटायर होतोय."

मॅनेजरांनी दोन गोष्टी ठरवल्या. मोकळी जागा ठेवून शोधायचं बंद, मशीननं ते घ्यायचंच नाही. आणि महिनाभर आकडे बघायचे, मशीनांचं त्यानंतर. पहिली गोष्ट गरजेची नव्हती. सरांनी तसं एकदा सांगूनही बघितलं, की आता कुणी काहीही मागितलं तरी इतरांना फरक पडत नाही. मॅनेजर म्हणाले, तरीही. मावशी म्हणाली, "करा बंद. कशाला हवंय?" आणि शिक्का घेऊन काउंटरवर गेली.

ते बंद झालं की नाही, हे तपासायचं काम माझ्याकडे आलं. मी ऑफिसातून काहीच न भरता शोधा दाबलं. 'नाव किंवा नंबर भरा' असं आलं. मी तपासणीच्या नोंदीत 'पास' लिहिलं.

दुसऱ्या दिवशी लॅब उघडली तेव्हा पहिल्या काउंटरवरून एक मोकळा कॉल आला आणि नाकारला गेला. हाताची सवय असेल. त्यानंतर तसा कॉल आला नाही, त्या दिवशी नाही आणि पुढेही नाही. आता ती सकाळी आधी काय बघते, ते मी विचारलेलं नाही. रेघेवरून तेवढं कळत नाही.

तो महिना मी नीट झोपलो नाही. रेघ सपाट होती, तरी मी तिच्याकडे बघत राहायचो. जरा कुठे टोक निघालं की सरांना हाक मारायचो. ते म्हणायचे, "अरे मॅन, ते बॅकअपचं आहे. श्वास घे." घरी मावशी आकड्यांचं काही विचारायची नाही. फक्त एकदा, भाजीवाल्याशी घासाघीस करता करता मान वळवून म्हणाली, "ठीक आहे ना तुझं ते?" मी हो म्हणालो. तिनं कोथिंबिरीची जुडी परत त्याच्या टोपलीत टाकली आणि दुसरी उचलली.

मॅनेजरांचा मेल सकाळी आला, माझी शिफ्ट नुकतीच सुरू झाली होती. इंग्रजी होता. मी सरांना वाचायला लावला, मला समजला होता तरी. मशीनं या लॅबमध्ये घ्यायची नाहीत, दुसऱ्या नव्या शाखेत बघू. काउंटर आहेत तसे राहतील. सर म्हणाले, "जा, सांगून ये. तोवर रेघेकडे मी बघतो."

ऑफिसपासून लॅब चालत फार लांब नाही. मी पळतच गेलो असेन, कारण पोचलो तेव्हा धाप लागली होती. रांग पायऱ्यांपर्यंतसुद्धा नव्हती. मी बाजूनं घुसायला लागलो तर रांगेतल्या एकानं हटकलं. मी सांगितलं, रिपोर्ट नको आहे, मावशीशी बोलायचंय. तो म्हणाला, सगळ्यांनाच बोलायचंय. तरी मी खिडकीपाशी गेलो.

खिडकीत एक म्हातारा होता, टोपी हातात धरलेला. बोलण्यावरून आमच्याकडचा. तो नंबराचा कागद आत सरकवत होता.

"मावशी," मी म्हणालो, "मेल आला. काउंटर राहणार. तू राहणार."

तिनं माझ्याकडे बघितलं नाही. नंबर टाकला, कागद निघाला, शिक्का मारला, म्हाताऱ्यापुढे सरकवला.

"झालं का, माय? एवढ्यात?" तो म्हणाला. "अजून काही रायलं का?"

"काय नाय राहिलं. जावा सरळ, ओपीडी उघडी आहे अजून."

त्याचा विश्वास बसत नव्हता. कागद उलटासुलटा करून बघत तो तिथंच उभा राहिला. मला त्याला आमच्या बोलीत सांगावंसं वाटलं, की खरंच झालंय, निघा. पण तेवढ्यात मावशीनं हातानं मला बाजूला सारलं.

"ऐकलं मी," ती म्हणाली. "आता सरक. मागचा माणूस दिसत नाय मला."